मोगऱ्याचं गाणं कुणी उचलायचं

गुणाबाईंना पहिला संशय आला तो सतरंजीवरून.

बेळगावच्या वडगावातलं चाफेकळी महिला मंडळ आजवर दोन ओळींत बसून गायचं. पुढच्या ओळीत मधोमध गुणाबाई, शेजारी पेटीवर यशोदाबाई, बाकीच्या बाया मागं. देवळामागच्या खोलीत तालमीला बसायचं तेही तसंच. त्या दिवशी मात्र गुणाबाई खोलीत शिरल्या तर सतरंज्या अर्धगोल पसरलेल्या, पेटी मध्ये, आणि त्यांचं नेहमीचं आसन पार टोकाला नेऊन ठेवलेलं.

"हे काय गं नवीन?" त्यांनी विचारलं.

"बदल म्हणून." जयाबाईंनी टाळांची दोरी नीट करत म्हटलं. "आता सगळीकडं असंच बसत्यात, गुणे. समद्यांची तोंडं दिसत्यात."

"तोंडं बघाय येत्यात व्हय लोकं? गाणं ऐकाय येत्यात."

कुणी काही बोललं नाही. निदान गुणाबाईंना तरी काही ऐकू आलं नाही. पण बसताबसता त्यांनी मान वळवली, तेव्हा जयाबाई यशोदाबाईंच्या कानाशी वाकलेल्या होत्या, आणि गुणाबाईंची नजर पडताच दोघी चटकन सरळ झाल्या.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला मंडळाचा 'फुलोरा' असायचा. देवळाच्या हॉलमध्ये बायकांची ही गर्दी, वाटली डाळ आणि पन्हं, आणि नुसती फुलांची गाणी. एकीनं जाईचं म्हणायचं, एकीनं शेवंतीचं, एकीनं झेंडूचं. जिचं जे फूल, त्याचाच गजरा तिच्या डोक्यात. आणि सगळ्यांत शेवटी मोगरा. मोगरा गुणाबाईंचा. तो त्यांच्या सासूनं मागावर बसून रचलेला, सासूनं त्यांना दिलेला. पहिली ओळ गुणाबाईंनी एकटीनं उचलायची आणि मग सगळ्यांनी ती झेलायची, अशी रीत होती. पहिल्या फुलोऱ्यापासून ती ओळ दुसऱ्या कुणाच्या तोंडून निघाली नव्हती.

मोगऱ्याच्या गं कळीला पहाटेचं दव जड,
सासरच्या अंगणात माझ्या माहेराचं झाड.

गुणाबाईंचं माहेर जवळच्याच मच्छे गावातलं, शेतकऱ्याचं घर. लग्न होऊन वडगावात विणकरांच्या घरी आल्या, तेव्हा त्यांना वाटलं होतं की या घरातली माणसं मुकीच आहेत. घराच्या पुढच्या सोप्यात चार पावरलूम दिवसभर खडाखडा चालायचे. त्या आवाजात बोलून उपयोग नसायचा, म्हणून सासू नुसते ओठ हलवायची आणि सासरे मागाच्या पलीकडून मान डोलवायचे. चहा टाक, सुताच्या कांड्या भरून ठेव, दाराशी कोण आलंय बघ, सगळं ओठांवर. वर्षभरात गुणाबाईही तसंच बोलू लागल्या. मागाच्या घरातल्या बायकांना हे कुणी शिकवत नाही. लहान मूल जसं आईच्या तोंडाकडे बघत बघत बोलायला शिकतं, तसं ते येतं. आणि एकदा आलं की आपल्याला येतं याची आठवणसुद्धा राहत नाही.

गेल्या दिवाळीनंतर मुलानं, रविराजनं, चारही माग विकले. साड्यांना उठाव नव्हता, आणि त्याला मच्छ्याच्या कारखान्यात नोकरी लागली होती. माग गेले आणि घर एकदम गप्प झालं. गुणाबाईंना वाटलं, हीच ती शांतता. जन्मभर आवाजात काढला, आता कान मोकळे झाले. अंगणातल्या चिमण्या बोलायच्या थांबल्या, ते चिमण्या कमी झाल्या म्हणून. कुकरची शिट्टी वाजेनाशी झाली, ती शिट्टी बिघडली म्हणून.

"सौम्या, कुकर बदलून आण गं. शिट्टीच होत न्हाई त्याची," त्या सुनेला म्हणायच्या.

"होते की आत्या. आत्ताच तीन झाल्या."

सौम्या असं म्हणायची आणि पाठ फिरवून काहीतरी पुटपुटायची. टीव्हीचंही तसंच. गुणाबाई आवाज वाढवायच्या, सौम्या येऊन कमी करायची. आपल्याच घरात आपल्याला टीव्ही ऐकायची चोरी झाली, असं त्यांना वाटायचं. आणि सगळं घर आपल्यामागं हळूहळू बोलतंय, असंही.

घरातलं त्यांनी गिळलं असतं. मंडळातलं गिळवेना.

मंडळात मंजुश्री नवीन होती. माहेर बोरगावचं, दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गल्लीत लग्न होऊन आलेली. कडेवर वर्षाचं लेकरू. मराठी बोलताना मध्येच कानडी यायचं, पण आवाज असा की पेटी बंद केली तरी चालावं. तिला अबोली दिली होती.

"आमच्याकडं कनकांबर म्हणत्यात आक्का याला," पहिल्या दिवशी ती म्हणाली होती.

"हिकडं अबोली म्हणायचं," गुणाबाई म्हणाल्या होत्या, "आणि नावापरमाणं ऱ्हायाचं."

सगळ्या हसल्या होत्या. मंजुश्रीही हसली होती. तेव्हा गुणाबाईंना ते बरं वाटलं होतं. आता त्या हसण्यात काय होतं, ते त्या परत परत आठवून बघत होत्या.

कारण सतरंज्या बदलल्या त्याच आठवड्यात मंजुश्री त्यांच्या घरी आली होती. ओट्यावर बसली, लेकराला खेळायला वाटी-चमचा दिला आणि म्हणाली, "आक्का, मोगऱ्याचं गाणं एकदा म्हणून दाखवा की. सगळं. सावकाश."

"तुला कशाला मोगरा? तुझी अबोली हाय न्हवं?"

"असावं म्हणून." मंजुश्रीनं नजर खाली केली. "तुम्ही कुठं श्वास घेता, कुठं चढवता, ते बघायचं होतं."

गुणाबाईंनी चहा दिला, पण गाणं म्हटलं नाही. पोरीची नजर खाली गेलेली त्यांनी बरोबर टिपली होती. खाली नजर घालून मागितलेली वस्तू सरळ हातानं परत मिळत नाही, असं त्यांची सासू म्हणायची.

त्यानंतरच्या तालमीत तर त्यांचं लक्ष गाण्यात राहिलंच नाही. मंजुश्री बरोबर त्यांच्या समोर बसायची आणि गाताना टक लावून त्यांच्याकडे बघायची. बघता बघता मांडीवर हात असा वर-खाली करायची, जसं काही आपणच गुणाबाईंना शिकवतोय. यशोदाबाईंचं निराळंच. गुणाबाईंनी मोगरा उचलला की त्यांची बोटं पेटीवर इकडून तिकडे धावायची, चाचपडायची, मग कुठंतरी जाऊन बसायची.

"यशोदे, पट्टी इसरलीस काय गं?"

"न्हाई बाई, बोटं आखडल्यात," यशोदाबाई म्हणाल्या आणि बोटं मोडून दाखवली.

गुणाबाई घरी आल्या त्या सगळं जुळवतच. जागा टोकाला नेली. मोगरा मागितला. पेटीवाली मुद्दाम चुकवते, म्हणजे गाणं फसलं की दोष आपल्यावर यावा. मंडळाला मोगरा काढून घ्यायचाय आणि त्या बोरगावच्या पोरीला द्यायचाय. बरं, तोंडावर सांगायची छाती नाही कुणाची, म्हणून हा खेळ. त्यांनी तांदूळ निवडता निवडता निवडलेले तांदूळ परत खड्यांतच टाकले, तेव्हा सौम्यानं ताट हळूच ओढून घेतलं.

फुलोऱ्याला दोन दिवस उरले असताना सगळं उघड झालं. निदान गुणाबाईंना तसं वाटलं. तालीम पाच वाजता होती. त्या दिवशी गुणाबाई शहापुरात गजऱ्यांची ऑर्डर द्यायला गेल्या होत्या, तिथलं काम लवकर आटपलं आणि येताना देवळावरून आल्या. चार वाजून गेले असतील. मागच्या खोलीच्या दाराशी चपला होत्या. एक-दोन नाही, सगळ्या. जयाबाईंची अंगठा शिवलेली, यशोदाबाईंची मळकी निळी, मंजुश्रीची नवी, आणि तिच्या लेकराचे शिट्टीवाले बूटसुद्धा. त्यांच्या एकट्यांच्या चपलांची जागा तेवढी रिकामी होती.

दार बंद होतं. गुणाबाईंनी पदर कमरेला खोचला आणि दाराला कान लावला.

आत काहीच नव्हतं. नुसती घरघर, पंख्याची असावी तशी. म्हणजे कुजबुजतायत, त्यांनी मनात म्हटलं. इतक्या जणी एका खोलीत बसून इतकं हळू बोलतायत, म्हणजे काय बोलणं असेल ते! त्यांनी दार बोटभर ढकललं आणि फटीतून बघितलं.

आत सगळ्या बाया तोंडं वासून गात होत्या.

टोकाच्या आसनावर, म्हणजे त्यांच्या आसनावर, मंजुश्री बसली होती. डोळे मिटलेले, एक हात कानाशी, मान जराशी डावीकडे. हुबेहूब गुणाबाई. ओठांवर मोगऱ्याचीच ओळ होती. ती वाचायला गुणाबाईंना आवाज लागत नव्हता. ओळ उचलली तशी यशोदाबाईंची बोटं पेटीवर धावली, आणि सगळ्या हसल्या. जयाबाई टाळ खाली ठेवून म्हणाल्या, आणि त्यांचे ओठ गुणाबाईंच्या बरोबर समोर होते, "आता अजून जरा चढव. गुणी चढवती तशी."

बंद दाराआडून इतकं मोठं गाणं ऐकू का आलं नाही, हा प्रश्न गुणाबाईंच्या मनात आलाही असेल. पण रागाच्या लोंढ्यात तो पाचोळ्यासारखा वाहून गेला. त्यांनी दार धाडकन उघडलं.

"नक्कल करताय व्हय गं माझी?"

खोलीतली तोंडं उघडी ती उघडीच राहिली. मंजुश्री आसनावरून अशी उठली, की खाली निखारे असावेत.

"आक्का, तसं न्हाई..."

"मग कसं? माझ्या जाग्यावर बसून, माझ्यावाणी मान वाकडी करून? मोगरा पायजे हुता तर मागायचा हुता तोंडानं! आणि तू गं जये, पोरीहून पोर झालीस? चाळीस वर्सं एका ताटात जेवलो आपण."

"गुणे, बस आधी."

"बसत न्हाई. सांग, कवापास्नं चाललंय हे?"

"संक्रांतीपास्नं," जयाबाई म्हणाल्या.

इतकं सरळ उत्तर येईल असं गुणाबाईंना वाटलं नव्हतं. मंजुश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाजूला बसून तिनं लेकराला मांडीवर ओढलं. ते पेंगुळलेलं होतं, तिच्या पदरात तोंड खुपसून झोपलं.

जयाबाई उठून गुणाबाईंच्या जवळ आल्या. त्यांनी गुणाबाईंच्या खांद्याला धरून त्यांना मंजुश्रीकडे तोंड करून उभं केलं. "अशीच ऱ्हा," म्हणाल्या. "मागं वळायचं न्हाई. पोराकडं बघ."

मग त्या गुणाबाईंच्या पाठीमागं गेल्या.

गुणाबाई रागातच उभ्या होत्या. काय चाळे चाललेत हिचे, म्हणत होत्या. समोर मंजुश्रीच्या मांडीवर लेकरू झोपलेलं. यशोदाबाई खाली बघत होत्या. काही होत नव्हतं. पंख्याखाली बायकांचे पदर तेवढे हलत होते.

अचानक लेकरू दचकलं. दोन्ही हात हवेत फेकले, डोळे टक्क उघडले आणि तोंड वाकडं करून रडायला लागलं. मंजुश्रीनं त्याला छातीशी धरलं आणि गुणाबाईंच्या खांद्यावरून मागं बघितलं.

गुणाबाई वळल्या. जयाबाई हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्यांच्या हातात टाळ होते, एकमेकांवर आपटून अजून थरथरत असलेले.

कुणीच काही बोललं नाही, आणि या वेळी खरंच कुणी बोललं नाही.

गुणाबाई खाली बसल्या. लेकराचं वासलेलं तोंड त्यांना दिसत होतं. रडणं मात्र लांबून, पाण्याखालून यावं तसं येत होतं. कुकर, चिमण्या, टीव्ही, सौम्याचं पाठमोरं पुटपुटणं, एकेक गोष्ट येऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. घर गप्प झालं ते माग गेले म्हणून नव्हे. मागांनी जाताना कानही नेले होते. आणि ओठ वाचायची सवय इतकी मुरलेली, की त्यांना स्वतःलासुद्धा ते कळलं नव्हतं. समोरून बोलणारा ऐकू यायचा. पाठ फिरवणारा कुजबुजायचा.

"तू उचलतीस ते कुठल्या तरी भलत्याच पट्टीत, आक्का," यशोदाबाई आता तोंड वर करून, सावकाश म्हणाल्या. "रोज निराळी. पेटी तुला ऐकू येत न्हाई. म्हणून मी तुला हुडकत येती बोटांनी."

"आणि आम्ही सगळ्या," मंजुश्री म्हणाली, "तुम्ही जिथनं उचलाल तिथनं धरायची प्रॅक्टिस करत होतो. मी तुमच्यासारखी चुकायची... म्हणजे चढवायची, आणि ह्यांनी मला झेलायचं. म्हणून तुम्ही कुठं चढवता ते विचारायला आल्ते. हसलो ते यशोदाक्कांच्या बोटांना."

"सतरंज्या?"

"टोकावरनं तुला समद्यांची तोंडं दिसावीत म्हणून," जयाबाई म्हणाल्या. "सांगितलं हुतं की पहिल्याच दिवशी."

"सांगितलं व्हय! खरं कारण सांगितलं असतंस तर?"

"तर तू गाणं सोडलं असतंस, गुणे. मला ठावं न्हाईस काय तू?"

त्या उठल्या, चपला घातल्या आणि घरी गेल्या. तालीम त्या दिवशी झाली नाही.

दुसऱ्या दिवशीही त्या फिरकल्या नाहीत. सोप्यात जिथं माग होते तिथं फरशीवर अजून तेलाचे काळे डाग होते. त्यांच्यामध्ये पाट टाकून बसून राहिल्या. सौम्या चहा घेऊन आली. काहीतरी म्हणाली आणि वळली, तशी गुणाबाईंनी तिच्या पदराला धरलं.

"हिकडं तोंड करून सांग."

सौम्या बघत राहिली. मग समोर उकिडवी बसली. "कानाच्या डॉक्टरकडं जाऊया म्हणत होते, आत्या. लई दिवस झाले म्हणतीया मी."

"मला वाटलं शिव्या देतीस."

"त्या बी दिल्या एक-दोन," सौम्या म्हणाली, "टीव्हीच्या वेळी."

गुणाबाई हसल्या, पण मनातला खडा जागचा हलला नव्हता. कान गेले ते कळलं. पण मोगरा? आपण भलतीकडून उचलायचं आणि सगळ्यांनी तोंड लपवून आपल्यामागं धावायचं, हे गाणं म्हणायचं की दया? आणि सोडून दिलं तर सासूची ओळ दुसरीच्या तोंडी जाणार. या दोन्हींतलं काहीच त्यांना गिळवत नव्हतं.

फुलोऱ्याच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. मोगऱ्याचा गजरा माळून गुणाबाई आल्या, तेव्हा मंडळातल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. जाई झाली, शेवंती झाली, झेंडू झाला. मंजुश्रीच्या अबोलीला टाळ्या पडल्या. गुणाबाई प्रत्येक गाण्यात होत्या, पण ओठ हलवत होत्या तेवढ्याच.

मोगऱ्याची पाळी आली. गुणाबाईंनी आसन उचललं, अर्धगोलाच्या बरोबर समोर नेऊन टाकलं, आणि लोकांकडे पाठ करून मंडळाकडे तोंड करून बसल्या. हॉलमध्ये खळबळ झाली असणार. बायका म्हणाल्या असतील, म्हातारीला काय झालं? म्हणोत. आज पाठीमागचं काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ते बरंच होतं.

त्यांनी डोळे मिटले नाहीत. ओळ उचलली. "मोगऱ्याच्या गं कळीला..."

समोर यशोदाबाईंची बोटं पट्टीवरून घसरली, इकडे गेली, तिकडे गेली, हुडकायला लागली. बायका ओळ झेलायला सरसावल्या. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तीच काळजी, काठावरून घसरणाऱ्या पोराला धरताना असते तशी. गुणाबाईंनी ती पहिल्यांदाच समोरून बघितली.

त्या थांबल्या. भरल्या हॉलमध्ये, ओळ अर्धी सोडून.

"मंजुश्री," त्या म्हणाल्या. किती मोठ्यानं म्हणाल्या, ते त्यांना कळलं नाही. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं असावं. "माझा कान गेलाय. तू उचल गं. मी तुझ्या तोंडाकडं बघत येती मागनं."

"आक्का, तुमचं हाय ते..."

"माझंच हाय. म्हणून तर सांगतीया कुणी उचलायचं ते. आणि 'कळीला'पाशी दम धर जरा, घाई करतीस तिथं."

मंजुश्रीनं श्वास घेतला. तिचे ओठ उघडले, मांडीवरचा हात हलका वर गेला. तो हात आपल्याला शिकवायला नव्हता, वाट दाखवायला होता, हे आता गुणाबाईंना दिसलं. त्या ओठांवर पहाटेचं दव आलं, सासरचं अंगण आलं, आणि गुणाबाई त्यात शिरल्या. यशोदाबाईंची बोटं एका जागी स्थिर होती. शेवटच्या ओळीपर्यंत स्थिर राहिली.

गाणं संपलं तेव्हा त्या लोकांकडे वळल्या आणि हात जोडले. बायका टाळ्या वाजवत होत्या. खरंच वाजवतायत की नुसते हात हलवतायत, असा संशय त्यांना जाताजाता आलाच. मग नजर शेवटच्या रांगेकडे गेली. तिथं दोन बाया एकमेकींकडे वाकून, थेट त्यांच्याकडे बघत काहीतरी बोलत होत्या. गुणाबाई त्यांच्या ओठांकडे बघत राहिल्या. इतक्या लांबून दुसऱ्या कुणाला काही कळलं नसतं. मागाच्या पलीकडचं वाचणाऱ्या बाईला कळलं.

"झालं बघ आक्काचं," एक म्हणत होती. "चल उठ लवकर, न्हाईतर डाळ संपंल."

गुणाबाई हसायला लागल्या. स्टेजवर उभ्या राहून, गजरा हलेपर्यंत. तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी त्यांच्या दंडाला हात लावला. वळून बघतात तर मंजुश्री, ओठ मिटायच्या बेतात.

"काय म्हणालीस?" गुणाबाईंनी तिची हनुवटी धरून स्वतःकडे वळवली. "माझ्यामागं जे काय बोलायचं असंल, ते हितनं पुढं तोंड हिकडं करून बोलायचं. सगळ्यांनी. जये, तुला बी सांगतीया."